खाकी कागदाची गौर

आमच्या घरात माणसं दोन रंगांची होती. आई आणि धाकटा भाऊ गोरे, आत्या आणि मी काळ्या. बाबांचा रंग कुणी बघत नसे, कारण ते पुरुष होते आणि रसायनीच्या कारखान्यात कायमच्या नोकरीला होते. आई पेणकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला बघायला म्हणे आख्खी आळी लोटली होती, आणि ते कौतुक तिने पुढे जन्मभर पुरवून पुरवून वापरलं. दर रविवारी ती मला चुलीपुढे बसवून डाळीचं पीठ आणि साय तोंडाला फासायची. "उजळंल गं, उजळंल जरा," असं पुटपुटत माझे गाल खरडायची. वाकळ धुवावी तसा तिचा हात चालायचा. साय माझ्या तोंडावर वाया जाते म्हणून भाऊ शेजारी बसून हळहळायचा. शेजारच्या बायका यायच्या, माझी हनुवटी वर करून म्हणायच्या, "काय नाय गं, नाकी-डोळी नीटस हाय पोर." पुढे आयुष्यात मी पुष्कळ शिव्या ऐकल्या, पण या वाक्याइतकी कुठलीच मला लागली नाही.

या सगळ्यात मी खुशाल होते, हे आज कुणाला सांगितलं तर पटत नाही. मी खुशाल होते ती आत्यामुळे. वेणूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. उंच, हाडापेराने मोठी, उकळलेल्या चहासारखा रंग, आणि बोलायला लागली की भुवया आधी बोलायच्या. तिशीला टेकली तरी तिचं लग्न जमलं नव्हतं. पाहुणे यायचे, पोहे खायचे, "कळवतो" म्हणायचे आणि खालापूरची एसटी पकडून निघून जायचे. ते गेल्यावर आत्या बशा धुवायला बसायची आणि त्यांच्या नकला करून मला हसवायची. एका म्हाताऱ्याने तिला उजेडात उभं राहायला सांगितलं होतं. त्याची नक्कल तर ती अशी करायची की मला पोटात दुखेपर्यंत हसू यायचं. तिला हे सगळं लागत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. लहान मुलांना मोठ्यांचं हसणं खरं वाटतं.

आत्याला बघण्याचा नाद होता. तव्यावर भाकरी टम्म फुगली की ती उतरवायची सोडून तिच्याकडे बघत राहायची आणि आई ओरडायची, "वन्सं, करपली!" भाताच्या आवणातली रोपं लावणीआधी एका रंगावर येतात, पोपटीही नाही आणि हिरवीही नाही, तो रंग दाखवायला ती मला हाताला धरून बांधावर न्यायची. चिखलातून उठलेल्या म्हशीच्या पाठीवर ऊन पडलं की म्हणायची, "बग मंदे, हे देखणं." डोंगरावरच्या वाडीतून एक म्हातारी रानभाजी घेऊन यायची. तोंडात दात नाही, अंगावर मांस नाही, कपाळापासून हनुवटीपर्यंत सुरकुत्यांचं जाळं. आत्या तिला ओट्यावर बसवून चहा द्यायची आणि तिच्याशेजारी टेकायची. एकदा म्हातारी गेल्यावर मला म्हणाली, "कशी देखणी हाय गं म्हातारी!" मी खो खो हसले. ती काही हसली नाही. "हसतेस काय? देखणं म्हंजे काय असतं सांग बरं? जिच्याशेजारी बसावंसं वाटतं ना, ती देखणी. बाकी समदं कातड्याचं." पुढे शिकले, मास्तरीण झाले, सौंदर्य म्हणजे काय यावर विद्वानांचं थोडंफार वाचलं. त्यातलं फारसं लक्षात राहिलं नाही. हे मात्र राहिलं, कारण त्या दिवसापासून मी स्वतःला देखणी समजायला लागले होते. माझ्याशेजारी आत्या बसायची ना!

आता गौरीचं सांगते, कारण सगळं तिथेच झालं. आमच्याकडे तेरड्याची गौर. शेताच्या बांधावरचा तेरडा मुळासकट आणायचा, त्याची जुडी बांधायची, तिला साडी नेसवायची आणि वर कागदावर रंगवलेला मुखवटा लावायचा. आळीत सगळ्यांचे मुखवटे पांढरे किंवा गुलाबी असत. आमचा तेवढा सावळा. बाबा कारखान्यातून रिकाम्या पिशव्या आणायचे. तो जाड खाकी कागद झटकून, उन्हात वाळवून आत्या त्याच्यावर गौर काढायची. त्यामुळे आमच्या गौरीला जवळ गेलं की औषधाचा वास यायचा. आत्या कातडीला रंग म्हणून लावायचीच नाही. कागदाचा रंग तोच गौरीचा रंग. गालांवर बोटाने जराशी तांबडी काव, ओठांना कुंकू, आणि केस-भुवयांना एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ. बाभळीची काडी चावून तिचा कुंचला व्हायचा. शेजारणी म्हणायच्या, "वेणू, गौरीला रंग तरी लाव गं, उपाशी ठेवल्यासारखी दिसते." आत्या म्हणायची, "ती शेताच्या बांधावरून येते बाई, गारठ्याच्या मुलखातल्या गोऱ्या सायबाच्या घरातून नाय." मला त्या गौरीचा केवढा अभिमान! ती हुबेहूब आत्यासारखी दिसायची, म्हणजे पर्यायाने माझ्यासारखी.

आणखी एक गोष्ट फक्त आमच्या घरात होती. मुखवटा डोळ्यांवाचून रंगवायचा. तांदळाच्या पिठाच्या पावलांवरून गौर घरात यायची ती आंधळीच. ती मखरात बसली की समोर पाटावर घरातली लेक बसवायची आणि मग आत्या डोळे काढायची. गौर माहेरी येते. डोळे उघडल्यावर तिला पहिल्यांदा माहेरची लेक दिसायला हवी, असं त्यामागचं कारण सांगत. डोळे काढताना गाणी थांबायची, जात्यावरचा हात थांबायचा, चुलीवरच्या शेगलाच्या, म्हणजे शेवग्याच्या पाल्याच्या, भाजीचा तेवढा रटरटाट ऐकू यायचा. आत्या एक डोळा काढायची, दुसरा काढायची, कुंचला उचलून बाजूला व्हायची, आणि जमलेल्या सगळ्या बायका एकदम ओरडायच्या, "बगितली गं, गौरीनं लेक बगितली!" मग झिम्म्याला जी सुरुवात व्हायची ती जमीन हादरेपर्यंत. चालायला लागल्यापासून त्या पाटावर मीच बसत आले होते. तो क्षण कसा असतो ते शब्दांत सांगता येत नाही. कागदावर काही नसतं, आणि अचानक कुणीतरी आपल्याकडे बघत असतं. आपल्यासारख्याच रंगाचं कुणीतरी.

त्या वर्षी कर्जतहून एक स्थळ आलं होतं. बाजारात भांड्यांचं दुकान, पहिली बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्यांना आत्याचा फोटो पाठवला होता. हा फोटो शिळफाट्याच्या स्टुडिओत काढलेला, आणि फोटोवाल्याने आपली सगळी विद्या पणाला लावून आत्याला आईपेक्षा गोरी केली होती. घरी फोटो आला तेव्हा मी म्हणाले, "ही कोन?" सगळे हसले. आत्या हसली नाही, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. मुलाच्या आईने निरोप धाडला की आम्ही गौरीच्या दिवशीच येऊ, सणाला घर कळतं. तेव्हापासून घरात सारवण, झाडलोट, डबे घासणं सुरू झालं. पेणहून माझी मामेबहीण सुषमा सणाला राहायला आली होती. माझ्याच वयाची, आईच्या माहेरचा सगळा रंग घेऊन आलेली. माझं तिच्याशी चांगलं जमायचं. तिच्याविरुद्ध माझं तेव्हाही काही नव्हतं आणि आजही नाही.

गौर यायच्या सकाळी मी बांधावरून तेरडा घेऊन आले आणि मुखवटा बघायला माजघरात धावले. मुखवटा गुलाबी होता. खाकी कागदाचा एक ठिपकाही दिसत नव्हता. बाजारातल्या रंगाचा जाड थर दिला होता, गालांवर आणखी लाल गोळे काढले होते. मला वाटलं हे आईचं काम. मी तणतणत स्वयंपाकघरात गेले. आई पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि पानं पुसत राहिली. एरवी ती एका शब्दाला चार शब्द द्यायची. त्या दिवशी तिने एकही दिला नाही, याचं मला नवल वाटायला हवं होतं.

दुपार कलायला लागली तशी मी नवा परकर नेसून, वेणी घालून तयार झाले. आई आली, माझ्या दंडाला धरलं आणि मला मागच्या पडवीत घेऊन गेली. तिथे भाताची कणगी असायची, कांद्यांच्या माळा, फुटकी सुपं. म्हणाली, "इथं बस जरा. पाव्हनं जाईस्तोवर भायेर येऊ नको. कोनी इचारलं तर ताप हाय म्हनून सांगू." मी म्हणाले, "आनि डोळे? पाटावर कोन बसंल?" ती म्हणाली, "यंदा सुषमा बसंल." मी तिला चावलेच असते. तू माझी सख्खी आई आहेस का, असं काहीबाही बोलले. रविवारच्या सगळ्या डाळीच्या पिठाचा राग त्या वेळी बाहेर पडला. आई ऐकून घेत उभी राहिली, आणि मग दाराची कडी बाहेरून न लावता, नुसतं दार ओढून गेली.

त्या दाराला फटी होत्या. पलीकडेच माजघर. आईचा आवाज आला, "वन्सं, पोर रडतीया. बसू द्या की तिला. दरवर्षी तीच बसते." मी फटीला कान लावला. मला वाटलं आता आत्या येणार, दार उघडणार, मला हाताला धरून पाटावर नेणार. आत्या हळू आवाजात बोलली, पण तिचा शब्दन्शब्द मला ऐकू आला. "नको वयनी, तुमाला सांगितलं ना. ती समोर बसली की माझी पावडर काय कामाची? तिचं तोंड बगून माझं समदं कळंल." आई म्हणाली, "लेकीला लपवायचं सणाचं, बरं दिसतं का?" आत्या म्हणाली, "एक दिस. एकच दिस लपवा तिला."

म्हणजे आई नव्हती. इतकी वर्षं माझे गाल खरडणारी आई माझ्या बाजूने भांडत होती, आणि जिने मला देखणं म्हणजे काय ते शिकवलं तिला माझं तोंड नको झालं होतं. मी कणगीला टेकून खाली बसले. रडले नाही. रडायला जो जोर लागतो तोच गेला होता. मला एवढंच कळत होतं की बांधावरून दाखवलेला रोपांचा रंग, म्हशीची पाठ, दात पडलेली म्हातारी, हे सगळं आत्याने मला दिलं होतं ते तिच्या स्वतःच्या उपयोगाचं नव्हतं. ज्या दिवशी खरोखर गरज पडली त्या दिवशी तिने पावडरचा डबा उघडला.

पाहुणे आले. चपला काढल्याचे आवाज, तांब्यांचे आवाज, बाबांचं खाकरणं. गौर पावलांवरून आत आली, बायकांनी गाणी म्हटली. मग सगळं शांत झालं. चुलीवर भाजी रटरटत होती. त्या शांततेत आत्याचा कुंचला कागदावर टेकलेला मला पडवीत बसून कळला. एक डोळा. दुसरा डोळा. आणि मग सगळ्या बायका ओरडल्या, "बगितली गं, गौरीनं लेक बगितली!" त्या गोंगाटात एका म्हाताऱ्या बाईचा घोगरा आवाज आला, "पाटावरची ही तुमची का? वा! घराण्यात रंग हाय बरं का." ती मामाची लेक, हे कुणीच सांगितलं नाही. बाबांनीही नाही. मग आत्या हसली. लाजून हसतात तसं. तिचं ते हसू मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, तिच्या नकलांमध्येसुद्धा नाही.

लग्न जमलं. घरात पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी गौरी-गणपती घेऊन आम्ही नदीवर गेलो. परतताना आत्याने मला मागे थांबवलं आणि माझ्या खांद्यावर हात टाकला. मला वाटलं ती काहीतरी बोलेल, निदान दोन शब्द. बोलली खरी. म्हणाली, "तू शानी हायेस मंदे. तुला कळलं असंल." मी तिचा हात काढून टाकला आणि आईच्या बाजूला जाऊन चालायला लागले. आईने विचारलंसुद्धा नाही, नुसती आपली चाल कमी केली. त्यानंतरच्या रविवारी तिने डाळीचं पीठ काढलं नाही, आणि पुढे कधीच काढलं नाही.

आत्या कर्जतला गेली. सुखात गेली असं म्हणायला हरकत नाही. दुकान चाललं, मुलगे झाले, माडी चढली. लग्नानंतर नवऱ्याला तिचा खरा रंग दिसला असणारच, पण त्याचं काही अडलं नाही. हे कळलं तेव्हा मला आणखी राग आला. मग मला लपवलं ते कशासाठी? आमच्या घरी पुढच्या वर्षीपासून आईने बाजारचा मुखवटा आणला. मी कुंचला हातात धरला नाही. आता माझं वय इतकं झालंय की आत्याची बाजू मला कुणी समजावून सांगायला नको. तिशीला टेकलेली बाई, उजेडात उभी करून बघणारे पाहुणे, आईबापामागे भावाच्या घरात जन्म काढायची धास्ती. मला सगळं समजतं. पण समजलं म्हणून दुखायचं थांबत नाही. लग्नासाठी तिने स्वतःच्या तोंडाला काहीही लावलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. तिने माझं तोंड लपवलं, आणि वर शहाणी म्हणून माझी पाठ थोपटली.

यंदा भाद्रपदात मी नातीला घेऊन कर्जतला गेले. माझ्या मुलीची मुलगी, तिसरीत आहे, चुणचुणीत आणि माझ्याच रंगाची. आत्या आता खाटेवरच असते. निरोप आला होता की म्हातारी तुझी आठवण काढते. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांनी ती त्या दिवसाबद्दल काहीतरी बोलेल असं वाटूनच मी गेले होते. माणूस या बाबतीत मोठं होत नाही. हॉलमध्ये भिंतभर दिव्यांच्या माळा, थर्माकोलचं मखर, आणि त्यात प्लास्टरची गोरीपान गौर. या गौरींचे डोळे आता कारखान्यातच उघडतात, पहिल्यांदा त्यांना कोण दिसतं देव जाणे. समोर पाट रिकामाच होता.

आत्या उशांना टेकून बसली होती. केस पांढरे झाले होते, दात गेले होते, कपाळापासून हनुवटीपर्यंत सुरकुत्यांचं जाळं. तिने माझे हात हातात घेतले. सुनेची तक्रार केली, गुडघ्यांची केली. मी हळूच विषय काढला. म्हणाले, "आत्या, ते आपले गौरीचे डोळे आठवतात? ज्या साली तुला बघायला आले ते?" ती म्हणाली, "आठवतात तर! त्या साली तुला ताप व्हता गं. पाटावर बसता आलं नाय म्हनून केवढी रडलीस!" मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं आठवत होतं. पाहुण्यांना सांगायला रचलेली थाप तिने इतकी वर्षं जपून खरी करून टाकली होती, आणि आता क्षमा मागायलासुद्धा तिच्याकडे काही शिल्लक नव्हतं.

तेवढ्यात नात खाटेला खेटून उभी राहिली. आत्याने डोळे बारीक करून तिला न्याहाळलं. "ही कोनावर गेली गं? तुझ्या जावयाकडची असंल. आपल्यात नाय बाई असं काळं कोन." मी काही बोलायच्या आत नात खणखणीत आवाजात म्हणाली, "आजी, ह्या पणजी किती माझ्यासारख्या दिसतात!" सून तोंडाला पदर लावून हसली. आत्या हसली नाही. तिने आपले हात चादरीखाली घेतले. बाहेर गेट वाजलं, कुणीतरी दर्शनाला आलं होतं, चपला काढल्याचे आवाज आले. आत्या सुनेला म्हणाली, "पोरीला आत ने जरा. खायाला दे कायतरी. पाव्हनं आल्यात."

सून नातीच्या दंडाला धरायला पुढे झाली. मी म्हणाले, "राहू दे. ती इथंच बसंल." माझा आवाज बहुतेक मोठा निघाला असावा, कारण दारातले पाहुणेही थबकले. मी नातीचा हात धरून तिला मखरासमोर नेलं आणि रिकाम्या पाटावर बसवलं. खाटेशेजारी माझ्यासाठी खुर्ची ठेवलेली होती. आत्या तिकडे हात दाखवत होती. "मंदे, हितं बस की माझ्याजवळ." मी खाली जमिनीवर बसले, नातीच्या शेजारी.